सर्वश्रेष्ठ कोण? : आपल्या मंडळातील एका वादाचा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मंडळाच्या एखाद्या परंपरेविषयी लिहावे, अशी संपादकांची आज्ञा झाली. नाट्यस्पर्धा, हळदीकुंकू, वाचनालय, दिवाळी पहाट यांविषयी अधिकारी लेखण्या लिहितीलच. प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आले आहे ते एक भांडण. गणेशोत्सवात, बहुधा विसर्जनाच्या आदल्या रात्री, जेवणे आटोपल्यावर मंडपातल्या सतरंजीवर जे वादळ उठते, लाडवांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकून ज्याचा निकाल लावला जातो आणि पुढच्या वर्षी तो निकाल कोणालाच मान्य नसतो, तो वाद. विषय एकच : सर्वश्रेष्ठ मराठी फलंदाज कोण?

या वादाची जन्मवेळ निश्चित सांगता येते, हे त्याचे भाग्य. १९७९ सालच्या सप्टेंबरच्या ४ तारखेची ती रात्र. गणपती बसलेले होते. तिकडे लंडनला ओव्हलच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीचा अखेरचा दिवस होता आणि भारताला जिंकण्यासाठी ४३८ धावा हव्या होत्या. चौथ्या डावात असली धावसंख्या गाठण्याचा विचारही त्या काळी वेडेपणाचा मानला जाई. सायंकाळची आरती सुरू होताना एका सभासदाने सदऱ्याच्या आत ट्रान्झिस्टर दडवला होता, आणि ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ चालू असताना मध्येच त्यातून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला, ही गोष्ट आजही वयस्कर मंडळी रंगवून सांगतात. गावसकर आणि चेतन चौहान यांची सलामीची भागी २१३ धावांची झाली होती. पुढे एक गडी बाद ३६६ अशी स्थिती आली, तेव्हा प्रसादाची पातेली तशीच राहिली. अखेर आठ बाद ४२९ वर सामना अनिर्णित संपला. केवळ ९ धावा कमी पडल्या. गावसकरांच्या त्यांत २२१.

त्या रात्री कोणीतरी सहज म्हणाले, ‘असा फलंदाज मराठी मुलखात दुसरा झाला नाही.’ आणि कोपऱ्यातून एक सांगलीकर आवाज आला, ‘का? विजय हजारे विसरलात काय?’ झाले! दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जाणारी मंडळी पहाटेपर्यंत उठली नाहीत.

येथे भिलाईविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे, कारण हाच वाद दादरला किंवा डेक्कनवर झाला असता तर त्याला असा रंग चढला नसता. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि १९५९च्या ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भाताच्या खाचरांच्या प्रदेशात हे गाव उभे राहिले ते देशभरातून आलेल्या माणसांमुळे. मराठी माणसे आली ती प्रामुख्याने नागपूर, वर्धा, अमरावतीकडून; नागपूरची गाडी सकाळी पकडली की दुपारच्या आत घरी पोहोचता येई. पुण्याचे, कोकणचे, कोल्हापूर-सांगलीचे तंत्रज्ञही होतेच. एका सेक्टरमध्ये, एकसारख्या क्वार्टरांतून, इतक्या भिन्न ठिकाणचे मराठी लोक शेजारी राहू लागले. त्यामुळे येथे ‘मराठी’ म्हणजे कोण, हाही प्रश्नच होता. रशियन तज्ज्ञांना तर क्रिकेट हा खेळ कधीच कळला नाही. पाच दिवस खेळून निकाल लागत नाही, मग लोक टाळ्या कशाला वाजवतात, असा त्यांचा रोकडा सवाल असे आणि त्याला समाधानकारक उत्तर आमच्यापैकी कोणालाही देता आले नाही. मराठीतून सामन्याचे समालोचन लोकप्रिय केले ते बाळ ज. पंडित यांनी, पण त्यांचा आवाज आमच्या रेडिओवर क्वचितच लागे. आम्ही सामने हिंदी-इंग्रजीतून ऐकले आणि भांडलो मात्र मराठीतून.

नागपूरकरांचा उमेदवार ठरलेला होता : कोट्टारी कनकय्या नायडू. १८९५ साली नागपुरात जन्मलेले, हिस्लॉप कॉलेजचे विद्यार्थी. १९२६च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर, पाहुण्या एम. सी. सी.विरुद्ध हिंदू संघाकडून त्यांनी १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार आणि १३ चौकार. साहेबाला त्याच्याच खेळात असे उचलून फेकता येते, हे हजारो लोकांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. पुढे १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. तेही सरळपणे आले नाही. दौऱ्याचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज. संघाच्या अग्रभागी राजघराण्यातला माणूस हवा, हा त्या काळचा दंडक. महाराजांनी समजूतदारपणे बाजूला होऊन नायडूंना पुढे केले. चार वर्षांनी विजयानगरमच्या महाराजकुमारांनी तेवढा समजूतदारपणा दाखवला नाही.

परंतु नायडूंची मातृभाषा तेलुगू. ‘ते मराठी कसे?’ असा आक्षेप येताच नागपूरकर उसळत. ‘आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत तो दुर्ग जिल्हा, नागपूर आणि वऱ्हाड, हे सारे तेव्हा एकाच प्रांतात होते. नायडू आपल्या प्रांताचे; तुमचे पुणे-मुंबई परके!’ या युक्तिवादावर पुणेकर निरुत्तर होत, आणि पुणेकर निरुत्तर होण्याचे प्रसंग मंडळाच्या इतिहासात फार नाहीत. आमच्या इतिवृत्तात मात्र नायडूंना ‘सन्माननीय पाहुणे’ म्हणून यादीत घेण्याचा तोडगा नोंदलेला आहे. विजय मर्चंट आणि विनू मांकड यांना असा तोडगा लाभला नाही. ते गुजराती, तेव्हा बाहेर!

पुण्याचा पक्ष प्रा. दिनकर बळवंत देवधरांचा. संस्कृतचे हे प्राध्यापक वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढतात, बावन्नाव्या वर्षी एकाच सामन्यात दोन शतके झळकावतात आणि शंभरी ओलांडून १९९३ साली जगाचा निरोप घेतात, हे चरित्र ऐकूनच नवागत गप्प होई. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. पण कसोटी सामना त्यांना एकही खेळायला मिळाला नाही. १९३२ साली त्यांचे वय झाले, असे निवडणाऱ्यांनी ठरवले होते. कोल्हापूरकर या ठिकाणी भाऊसाहेब निंबाळकरांचे नाव काढीत. १९४८च्या डिसेंबरात पुण्याला काठेवाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या ४५२ या त्या वेळच्या विश्वविक्रमाला अवघ्या ९ धावा कमी, आणि काठेवाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायचेच नाकारून सामना सोडून दिला. निंबाळकरांनाही कसोटीची टोपी कधी मिळाली नाही. या दोघांच्या वेळी मंडपात जी हळहळ व्यक्त होई ती पाहून वाटे, की आम्ही सर्वश्रेष्ठ फलंदाज शोधत नसून सर्वाधिक अन्याय झालेला माणूस शोधत आहोत. तेव्हा हे वाक्य मी विनोदाने उच्चारले होते. पुढे ते माझ्याच अंगावर आले.

खरी लढत मात्र तिघांत होती. पैकी हजाऱ्यांविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण नव्या पिढीला ते एका स्पर्धेचे नाव म्हणूनच ठाऊक आहेत.

विजय सॅम्युएल हजारे, जन्म १९१५, सांगली. मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावर बेतलेले असत : हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि यांपैकी कोणातच न बसणाऱ्यांचा एक संघ होता, त्याला नावही ‘उरलेले’ अशाच अर्थाचे, ‘द रेस्ट’. हजारे या उरलेल्यांचे. १९४३-४४च्या अंतिम सामन्यात मर्चंटांनी हिंदूंकडून नाबाद २५० केल्या. उरलेल्यांचा पहिला डाव १३३ त संपला. दुसऱ्या डावात त्यांच्या धावा झाल्या ३८७, आणि त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या! दुसऱ्या क्रमांकाची धावसंख्या होती त्यांचे बंधू विवेक यांची, २१. सामना अर्थातच डावाने गेला. १९४८च्या जानेवारीत ॲडलेडला, लिंडवॉल-मिलर यांच्या तोफखान्यासमोर, ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत शतके : ११६ आणि १४५. तोही सामना डावाने हरलो. आपल्याच बाजूचे घर कोसळत असताना एका खांबाने उभे राहावे, तसे हे खेळणे होते. भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो १९५२च्या फेब्रुवारीत मद्रासला, इंग्लंडविरुद्ध. तेव्हा कर्णधार हजारेच होते, पण त्या विजयाचे श्रेय १२ बळी घेणाऱ्या मांकडांकडे गेले आणि हजाऱ्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. ३० कसोटी, २,१९२ धावा, सरासरी ४७.६५, शतके ७. आमच्या सांगलीकर मित्राला हे आकडे मुखोद्गत होते. आरतीनंतर मंत्रपुष्पांजलीसारखे तो ते म्हणून दाखवी.

गावसकरांविषयी काय लिहावे? १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत, चारच कसोटींत ७७४ धावा. पुढे १९८३च्या डिसेंबरात मद्रासला नाबाद २३६ करून ब्रॅडमनच्या २९ शतकांचा विक्रम त्यांनी मागे टाकला. १९८७च्या मार्चमध्ये अहमदाबादला दहा हजार धावांचा टप्पा जगात सर्वप्रथम ओलांडला. तरीही, माझ्या मते त्यांची सर्वोत्कृष्ट खेळी शतकाचीही नाही आणि विजयाचीही नाही. त्याच महिन्यात बंगलोरला पाकिस्तानविरुद्ध, जेथे चेंडू टप्पा पडल्यावर कोणत्या दिशेने जाईल ते गोलंदाजालाही ठाऊक नव्हते, अशा खेळपट्टीवर त्यांनी ९६ धावा केल्या. २२१ धावा हव्या असताना आपण १६ धावांनी हरलो. ती त्यांची अखेरची कसोटी. द्रुतगती गोलंदाजांसमोर शिरस्त्राणाशिवाय उभे राहिलेला हा ठेंगणा सलामीवीर. त्याची तुलना पुढच्या सुरक्षित काळातल्या फलंदाजांशी करणेच मुळी अन्यायाचे, असा माझा तेव्हाचा ठाम पक्ष होता. आणि तो मी इतक्या मोठ्या आवाजात मांडीत असे, की एका वर्षी सौभाग्यवतींनी घरी बोलावणे पाठवले.

नंतर तेंडुलकर आले आणि मंडपात पिढ्यांची फाळणी झाली. कवी रमेश तेंडुलकरांचा मुलगा, आचरेकर सरांचा शिष्य. ही ओळख आम्हां मराठी मंडळींना पुरेशी होती. पण आमच्या मुलांना ओळख नकोच होती, त्यांच्या घरात दूरदर्शन संच होता. आम्ही गावसकर ऐकले, त्यांनी सचिन पाहिला. १९९८च्या एप्रिलमधील शारजाच्या त्या दोन रात्री, १४३ आणि १३४, येथील कुठल्या क्वार्टरमध्ये दिवे मालवले गेले होते? २०० कसोटी सामने, १५,९२१ धावा, ५१ शतके. एकदिवसीय सामन्यांतली ४९ धरून शंभर शतके. आकड्यांनी निकाल लावायचा तर वाद २०१३ सालच्या नोव्हेंबरातच, वानखेडेवर त्यांनी खेळपट्टीला वाकून नमस्कार केला तेव्हा, संपायला हवा होता.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे, की सचिन खेळले तेव्हा भारत हरत असे. १९९९च्या जानेवारीत मद्रासला पाकिस्तानविरुद्ध पाठीच्या वेदना सोशीत त्यांनी १३६ धावा केल्या, ते बाद झाले आणि आपण १२ धावांनी हरलो, हे उदाहरण दरवर्षी पुढे येई. मला या आक्षेपाचे आश्चर्य वाटते. ॲडलेडचे हजारे हरले, बंगलोरचे गावसकर हरले, चेन्नईचे तेंडुलकर हरले. त्या तिन्ही खेळी आपण भक्तिभावाने आठवतो आणि मग त्याच पराभवांचे माप एकट्याच्या पदरात घालतो.

(येथील तरुणांनी मध्यंतरी एक खोडसाळ सूचना आणली होती. आपल्या भिलाईचे राजेश चौहान २१ कसोटी खेळले आणि त्यांतली एकही भारत हरला नाही; तेव्हा जय-पराजय हाच निकष असेल तर सर्वश्रेष्ठ तेच! सूचना टाळ्यांच्या गजरात फेटाळण्यात आली.)

आता १९९९च्या गणेशोत्सवाकडे येतो. त्या वर्षी वादाचे सूत्रसंचालन माझ्याकडे होते. फळ्यावर मी सुवाच्य अक्षरांत नावे लिहिली होती : देवधर, हजारे, निंबाळकर, वाडेकर, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर, आणि शेवटी कंसात नायडू. चर्चा संपून चिठ्ठ्या वाटल्या जात असताना मागच्या रांगेतून एक वयस्कर सभासद उठले. रेल मिलमध्ये फिटर होते, निवृत्तीला काही महिने उरले होते. एरवी ते कधी बोलत नसत. त्यांनी विचारले, ‘या यादीत पालवणकर बाळूंचं नाव नाही?’

मी हसून म्हणालो, ‘दादा, बाळू गोलंदाज होते. आपला विषय फलंदाज आहे.’

ते म्हणाले, ‘विषय कोणी ठरवला?’ आणि खाली बसले.

विषय मीच ठरवला होता. म्हणजे वीस वर्षांपूर्वी ओव्हलच्या रात्री तो ठरून गेला होता आणि नंतर कोणी त्याचा विचारच केला नव्हता. मी काहीतरी गोलमाल उत्तर दिले, चिठ्ठ्या गोळा केल्या, सचिन जिंकले. त्या गृहस्थांनी चिठ्ठी टाकली नाही, हे मी पाहिले होते. पुढच्या वर्षी कंपनीचे क्वार्टर रिकामे करून ते गावी गेले.

बाळूंचे नाव मला अगदीच अपरिचित नव्हते. पण नावापलीकडे काही ठाऊक नव्हते, हे कबूल करतो. २००२ साली रामचंद्र गुहा यांचा भारतीय क्रिकेटचा इंग्रजी इतिहास प्रसिद्ध झाला, तो मुलाने पाठवला आणि माझे डोळे उघडले. बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलेले आहे, हेही मला त्या इंग्रजी ग्रंथातून कळावे, ही शरमेची गोष्ट आहे. आमच्या फिटर सभासदांना ते पुस्तक ठाऊक असले पाहिजे.

बाळूंचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाडचा. चर्मकार समाजातले घराणे, वडील लष्करी नोकरीत, वास्तव्य पुण्याला. मुलगा प्रथम पारशी क्लबात आणि मग युरोपियनांच्या पूना क्लबात खेळपट्टी झाडण्याच्या, दाबण्याच्या कामाला लागला. पगार महिना तीन-चार रुपये. साहेब लोकांना जाळ्यात सराव हवा असे. जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज या पोराला तासन्‌तास गोलंदाजी करायला लावी. प्रत्येक वेळी आपल्याला बाद केल्यास आठ आणे देत असे, असे सांगितले जाते. डाव्या हाताने मंदगती, चेंडूला उंची, फिरकी आणि फसवा वेग. त्या जाळ्यात बाळू जगातल्या उत्तम गोलंदाजांपैकी एक झाले. पण साहेबांनी त्यांच्या हाती बॅट कधी दिली नाही. फलंदाजी हा मालकांचा खेळ होता. गोलंदाजी ही चाकरी.

हे वाक्य वाचले आणि मला मागच्या रांगेतला तो प्रश्न आठवला. बॅट ज्याच्या हाती द्यायचीच नाही असे ठरले होते, त्याला शंभर वर्षांनी आम्ही ‘विषय फलंदाज आहे’ म्हणून फळ्याबाहेर ठेवले होते.

पुढची हकीकत अधिक बोचरी आहे. पुण्याच्या हिंदू क्लबाने बाळूंना संघात घेतले, कारण त्यांच्याविना साहेबाला हरवता येत नव्हते. मैदानावर सर्व जण त्याच चेंडूला हात लावीत. चहापानाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. १८९६ नंतरच्या प्लेगच्या धामधुमीत हे कुटुंब मुंबईला गेले. १९०६च्या फेब्रुवारीत हिंदूंनी मुंबईच्या युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तो दिवस बाळूंच्या गोलंदाजीचा. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेला गेला. संघाचे बहुतेक सामने पराभवात गेले, महाराजांचे लक्ष मेजवान्यांकडे होते. आणि पस्तिशी गाठलेल्या बाळूंनी एकट्याने ११४ गडी बाद केले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. भारताने पहिली कसोटी खेळण्यापूर्वीच त्यांचे खेळाचे दिवस संपले होते, म्हणून हे आकडे कसोटीच्या कोष्टकांत सापडत नाहीत.

हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. वर्षामागून वर्षे त्यांच्याहून कनिष्ठ खेळाडू त्या जागी नेमला गेला. त्यांतलेच एक कर्णधार एम. डी. पै यांनी १९१३ साली आपल्या सत्काराला उत्तर देताना, हा मान ज्येष्ठ व अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता, असे जाहीरपणे सांगितले. ही दिलदारी नोंदवली पाहिजे. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी अपमान सहन न होऊन संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कोठे बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले. थोरल्या भावाला नाकारलेले धाकट्याला मिळाले. उत्तरायुष्यात बाळू राजकारणात आले, गांधीजींच्या पक्षाने उभे राहिले. १९३७च्या निवडणुकीत मुंबईत खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध लढून सुमारे दोन हजार मतांनी हरले. या प्रकरणावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे बरेच आहे. ते या लेखाचे काम नव्हे. १९५५ साली ते निवर्तले. भिलाईचा करार झाला ते हेच वर्ष.

काही वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेस गेलो होतो. तेथील फुटबॉल आपला नव्हे. हातांनीच अधिक खेळतात. त्यात ‘क्वार्टरबॅक’ नावाचा एक खेळाडू असतो : आक्रमणाची प्रत्येक चाल सुरू होताच चेंडू त्याच्या हाती येतो, कोणाकडे फेकायचा हे त्याने क्षणात ठरवायचे. संघाचे डोके म्हणा. नातवाच्या मित्रांत कडाक्याचा वाद चालला होता : सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण, सात अजिंक्यपदे मिळवणारा टॉम ब्रेडी, की चारदा अंतिम सामना खेळून चारही वेळा जिंकलेला जो मोंटाना? भाषा वेगळी, पण सूर हुबेहूब आमच्या मंडपातला. मी नातवाला विचारले, ‘यात कृष्णवर्णीय कोणी नाही?’ खेळाडूंत तर त्यांची संख्या मोठी दिसत होती. तेव्हा त्याने शोधून सांगितले, की दीर्घकाळ त्या जागेसाठी त्यांना लायकच समजत नसत. धावायला, अडवायला घेत, डोके चालवायच्या जागेवर नव्हे. वॉरन मून या खेळाडूला १९७८ साली त्या जागेवर खेळण्यासाठी कॅनडाला जावे लागले. सहा हंगाम तेथे काढून तो परतला आणि पुढे थोरांच्या दालनात त्याचे नाव लागले. १९८८च्या जानेवारीत डग विल्यम्स याने वॉशिंग्टनच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले, तेव्हा असे करणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होता. तेथेही माणसे यादीवरून भांडत होती आणि यादी कोणी केली हे विचारायला विसरली होती. परतीच्या विमानात मला पूना क्लबाची जाळी दिसत होती.

परत आल्यावर कार्यकारिणीपुढे मी लेखी सूचना मांडली : विषयातील ‘फलंदाज’ हा शब्द काढून ‘क्रिकेटपटू’ असा शब्द घालावा. सूचना साधी होती. चर्चा सव्वा तास चालली. एका जुन्या मित्राने विचारले, ‘आता गणपतीतही जात आणायची का?’ मी म्हणालो, ‘आणायची नाही, ती फळ्यावर होतीच, फक्त वाचता येत नव्हती.’ तो चिडला आणि दोन वर्षे माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचेही म्हणणे मी समजू शकतो. घरापासून दूर राहणारी माणसे उत्सवात एकत्र येतात ती चार घटका सुखात घालवायला, आणि कोणी जुने दुखणे उकरून काढावे असे त्यांना वाटत नाही. तथापि दुखणे ज्याचे, त्याने मागच्या रांगेत किती वर्षे गप्प बसावे, याचे उत्तर त्या सव्वा तासात कोणी दिले नाही. सूचना अखेर बहुमताने संमत झाली.

फलंदाजांपुरते विचाराल तर मी आजही गावसकरांचाच आहे. नातू मला त्यासाठी मागासलेला म्हणतो. २०२१च्या मार्चमध्ये रायपूरच्या मैदानावर निवृत्त खेळाडूंच्या स्पर्धेत तेंडुलकर खेळायला आले, तेव्हा आपल्या मंडळातील कित्येक कुटुंबे गाड्या करून तो खेळ पाहायला गेली होती, मीही गेलो. त्यांचा सरळ बॅटीने मारलेला एक फटका पाहिला आणि क्षणभर पक्षांतर करावेसे वाटले. पण क्रिकेटपटू म्हणून निवड करायची तर मला बाळूंपुढे दुसरे नाव सुचत नाही. गावसकरांसमोर वेस्ट इंडीजचे चार गोलंदाज होते. बाळूंसमोर ग्रेगसारखे फलंदाज होते आणि पाठीशी असलेल्या दहांपैकी कित्येक जण त्यांच्या हातचे पाणी पीत नव्हते. त्या दहांसाठी त्यांनी सामने जिंकले.

कोष्टके पुढे करून कोणी म्हणेल, की ३३ सामन्यांच्या खेळाडूची तुलना २०० कसोटींच्या खेळाडूशी करता येत नाही. बरोबर आहे. मी तुलना करीत नाही. मी मत देतो.

गेल्या वर्षी विसर्जनाच्या आदल्या रात्री नेहमीप्रमाणे डबा उघडला. तेंडुलकर प्रथम, गावसकर द्वितीय, हजाऱ्यांना सांगलीकर मित्राच्या मुलाचे एकमेव मत. बाळूंच्या नावाच्या सात चिठ्ठ्या निघाल्या. त्यांपैकी एक माझी. उरलेल्या सहा कोणाच्या, हे विचारण्याचा आपल्या मंडळात प्रघात नाही.